एका ओळीत दोन नावं

मस्के सरांना बसता येत नसे. पायाला काही झालं होतं अशातला भाग नाही, उलट पाय जरा जास्तच चांगले होते. त्यांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये दहा मशीन आणि अकरा खुर्च्या होत्या. अकरावी खुर्ची सरांची, पण तिच्यावर कायम वायरींचं भेंडोळं, स्क्रू ड्रायव्हर आणि जेवणाचा डबा बसलेला. सर उभे. कधी या पायावर, कधी त्या पायावर, हातात खडू असला तर तो बोटांत फिरवत. स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य म्हणायचे, "मस्के, बसा हो जरा." सर "हो सर" म्हणायचे आणि दाराजवळून सरकून खिडकीजवळ जाऊन उभे राहायचे. सहा वर्षांत मी त्यांना एकदाच बसलेलं पाहिलं. ते पुढे येईलच.

मी सेनगावच्या त्या लहानशा कॉलेजात ग्रंथपाल होते. सर आले ते माझी जागा खातच आले. नवा कॉम्प्युटरचा वर्ग सुरू झाला आणि माझ्या वाचनकक्षाच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन उभं राहिलं. खिडक्यांची बाजू त्यांना गेली. दोन पंख्यांतला चांगला पंखाही त्यांनाच गेला. मी प्राचार्यांशी चार दिवस बोलले नाही. पार्टिशन छतापर्यंत पोचेल इतकं प्लायवूड आलं नव्हतं, त्यामुळे वर हातभर फट राहिली आणि त्या फटीतून सरांचं सगळं बोलणं, सगळी येरझार मला ऐकू यायला लागली. मी कान देत नाही, असं मी त्या काळात सगळ्यांना सांगत असे.

पहिल्याच आठवड्यात हे गृहस्थ माझ्या कॅटलॉगच्या खणातली पाचपंचवीस कार्डं उचलून घेऊन गेले आणि त्यांच्या मागच्या बाजूला आकृत्या काढत सुटले. मी जाऊन जाब विचारला.

"मॅडम, मागची बाजू कोरीच पडून राहिली व्हती ना."

"ती कार्डं ओळीनं लावलेली असतात, मस्के सर. एक कार्ड गेलं की पुस्तक गेलं समजा."

"पुस्तक कसं जाईल? पुस्तक तर तिथंच हाये. फक्त सापडायचं न्हाई." एवढं बोलून ते थांबले, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "बराबर हाये तुमचं. तकलीफ तीच हाये."

संध्याकाळी कार्डं परत आली. जिथल्या तिथं, नंबरवार लावलेली. मागे आकृत्या तशाच होत्या, पण मी रागवायचं सोडून दिलं. नंबरवार कार्डं लावणारा माणूस मला त्या कॉलेजात तोवर भेटला नव्हता.

त्यांचं एक पेटंट वाक्य होतं, "अडलं कुटं?" नळाला पाणी नसलं, विद्यार्थ्याचा प्रोग्राम चालत नसला, शिपायाचं तोंड उतरलेलं असलं, सर हेच विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत जागेवरच नाचायचे. काही अडून राहिलेलं त्यांना बघवत नसे. एकदा सेनगावच्या स्टँडवर हिंगोलीची एसटी तासभर नुसती उभी होती. आम्ही सगळे आत घामाघूम. सर उतरले आणि शोध घेऊन आले. ड्रायव्हर एका हॉटेलात कंडक्टरची वाट बघत चहा पीत होता, कंडक्टर दुसऱ्या हॉटेलात ड्रायव्हरची वाट बघत चहा पीत होता. सरांनी दोघांना दोन हातांना धरून गाडीपर्यंत आणलं. गाडी सुटली तरी हिंगोलीपर्यंत ते दांडा धरून उभेच, मागे चार सीट रिकाम्या असताना.

दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात लिनक्स आलं, मशीन चालवायची एक प्रणाली. मला ते कधीच पुरतं कळलं नाही. सरांनी समजावलं त्यावरून एवढं उमगलं, की ते एकसंध नसतं. हजारो लहान लहान पॅकेजं मिळून ते होतं. एक कुणी कुठं बसून लिहितं, दुसरं आणखी कुणी कुठं. प्रत्येक पॅकेजाच्या पोटात एक यादी असते, की मला बसवायचं तर आधी अमुक बसलेलं पाहिजे, तमुक बसलेलं पाहिजे. ही सगळी गोळा करून, एकमेकांशी जुळवून सीडीवर देणारी मंडळी असतात. सरांकडे तशा तीन सीड्या होत्या. तिसरी चरा पडलेली. तिच्यावरची पॅकेजं वाचता येईनात, म्हणून ती एकेक करून हिंगोलीच्या इंटरनेट कॅफेतून फ्लॉपीवर आणावी लागत. एका फ्लॉपीत जेमतेम एक पॅकेज मावे. सर शनिवारी जीपनं जायचे आणि धूळ लागू नये म्हणून फ्लॉप्या स्टीलच्या डब्यात घालून आणायचे. जीपमध्ये शेजारच्या बाईनं एकदा विचारलं म्हणे, "सर, भाकरी कुणाच्या हातची?"

यात माझा स्वार्थ होता. सरांनी मला शब्द दिला होता, "मॅडम, तुमच्या सगळ्या पुस्तकांची यादी मी मशीनवर करून देतो. मराठीत." सुरुवातीला स्क्रीनवर मराठी यायचं ते पाहवत नसे. 'विज्ञान' लिहिलं तर वेलांटी भलतीकडेच पडायची आणि 'ज्ञ'चे तुकडे व्हायचे. त्यासाठी दोन पॅकेजं हवी होती. एक अक्षरं जुळवणारं, एक फॉन्ट शोधणारं. सर त्यांना 'जुळवणारं' आणि 'शोधणारं' असंच म्हणायचे. दोन शनिवारांत दोन्ही आली. आणि मग पार्टिशनपलीकडून चपलांचा आवाज जो सुरू झाला तो थांबेचना.

मी वैतागून आत गेले. "अडलं कुठं?" त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं.

"मॅडम, ह्ये जुळवणारं म्हणतंय, शोधणारं आल्याबिगर मी बसत न्हाई. बरं म्हणून शोधणाऱ्याची फ्लॉपी लावली. त्ये म्हणतंय, जुळवणारं आल्याबिगर मी बसत न्हाई. आता सांगा."

"मग?"

"मग काय. दहा रोज झाले, ही काढ, ती लाव करून राहिलो."

जबरदस्तीनं बसवायचाही एक हुकूम असतो. यादीकडे बघू नको, बस म्हणजे बस. सरांनी तोही देऊन पाहिला. मशीननं निमूट ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी स्क्रीनच उघडेना. मराठी सोडा, इंग्रजीही गेलं. ते मशीन पहिल्यापासून पुन्हा भरावं लागलं. प्रॅक्टिकल परीक्षेला दीड महिना राहिला होता.

पण सरांची ती येरझार काही नुसत्या मशीनसाठी नव्हती. फटीतून मला सगळं कळत होतं. त्यांचं गाव आमच्याच तालुक्यातल्या गोरेगावजवळ. वडील तिथं शेती करत. धाकटी बहीण मुक्ता, तेवीस वर्षांची. औंढ्याकडच्या एका घराशी साटंलोटं ठरलं होतं. म्हणजे त्या घरची शोभा मस्के सरांना द्यायची आणि सरांची मुक्ता शोभाच्या भावाला. सोयरीक ठरून दोन वर्षं झाली होती आणि लग्न एकही लागत नव्हतं. सरांच्या वडिलांचं म्हणणं, आधी त्यांची पोरगी आमच्या घरात येऊ द्या, मग आमची देतो. शोभाचे वडील किसनराव, त्यांचंही अक्षर न् अक्षर तेच. आपण पोरगी द्यायची आणि समोरचा फिरला तर? आणि मांडव ज्याचा त्याला आपल्याच दारात हवा. दर शनिवारी हिंगोलीचं काम उरकून सर गावी जायचे आणि सोमवारी तोंड पाडून यायचे. शोभाला त्यांनी एकदाच, बघायच्या कार्यक्रमात पाहिलं होतं. त्या वेळीही ते उभेच होते, आणि शोभानं मान वर न करता विचारलं होतं, "ह्येंना बसायला काही देता का न्हाई?" हे सांगताना सर लाजले होते.

एका दुपारी लोडशेडिंग होतं. पंखे बंद, मशीन बंद, सर माझ्या बाजूला येऊन पुस्तकांच्या कपाटासमोर फेऱ्या मारत होते. वडिलांचा निरोप आला होता, की किसनराव आता दुसरीकडे स्थळ बघायच्या गोष्टी करताहेत. सर सांगत होते आणि फिरत होते. मला उकडत होतं. मी जरा तुसडेपणानंच म्हणाले, "अहो, मग ना तुमच्या दारात, ना त्यांच्या दारात. तिसऱ्याच जागी मांडव घाला आणि दोन्ही लग्नं एका मुहूर्तावर उरका. आपल्या कॉलेजचं मैदान उन्हाळ्यात रिकामंच असतं."

सर थांबले. माझ्याकडे बघत राहिले. मग वळले आणि पलीकडे गेले. मला वाटलं, दुखावले. वीज यायला अर्धा तास होता. तेवढा वेळ पलीकडे चपलांचाही आवाज आला नाही. वीज आली, मशीन सुरू झाल्याचा आवाज आला, फ्लॉपीची घरघर झाली, ती थांबली, दुसऱ्या फ्लॉपीची घरघर झाली. आणि मग सर ओरडले, "मॅडम! या! या हिकडं!"

स्क्रीनवर 'विज्ञान' होतं. धड, सबंध.

"काय केलंत?"

"तुमीच तर सांगितलं. दोनीला आदी तिसऱ्या जागी, म्हंजे मशीनच्या डिस्कवर उतरवून घेतलं. अन् एकाच हुकुमात, एकाच ओळीत दोगांची नावं दिली. ह्येनं इचारलं, त्ये कुटं हाये? त्ये संगंच उभं. त्येनं इचारलं, ह्ये कुटं हाये? बाजूलाच. झालं!"

एवढी साधी गोष्ट इतक्या हुशार माणसाला दहा-बारा दिवस सुचली नव्हती, कारण फ्लॉपीत एकच पॅकेज यायचं, फ्लॉपी लावायला खाच एकच होती, आणि आलेलं सामान थेट फ्लॉपीवरूनच बसवायची हाताला सवय लागली होती. शहरात ज्यांच्याकडे सगळं एकदम येत होतं त्यांना हा घोळ झालाच नसता. सर कपाळावर हात मारून घेत होते आणि हसत होते. मी म्हटलं, "आणि लग्नाचं?"

"कोणाचं लग्न?" सर म्हणाले. खरंच म्हणाले. माझं वाक्य त्यांना मशीनबद्दलचंच वाटलं होतं. मग चेहरा हळूहळू बदलला आणि त्याच संध्याकाळच्या जीपनं ते गावी गेले.

मे महिन्यात कॉलेजच्या मैदानात मांडव पडला. दोन अंतरपाट एकदम धरले, मंगलाष्टकं एकदम, अक्षता एकदम. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. किसनराव आणि सरांचे वडील शेवटपर्यंत एकमेकांवर डोळा ठेवून होते. नवरदेव मस्के सर अंतरपाटामागे पाय बदलत उभे. मुक्तानं जाताना माझ्या पाया पडून म्हटलं, "तुमच्यामुळं झालं, मॅडम." मी हरखले. घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

शोभा सेनगावला आली. कॉलेजमागच्या दोन खोल्यांत संसार मांडला. दहावी झालेली, हातात वेग. लायब्ररीत यायची, मासिकं न्यायची. सरांच्या लॅबमधल्या खुर्चीवरची वायरींची अडगळ तिनं दोनदा आवरली आणि मग नाद सोडला. सर तिच्याशी बोलताना मात्र जरा कमी हलायचे, हे मी फटीतून नव्हे, समोरून पाहिलं आहे.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी औंढ्याकडून बातम्या यायला लागल्या. मुक्ताचा नवरा हात उचलतो. आधी कुणी म्हणालं, कुणी नाही म्हणालं. मग दिवाळीला मुक्ता माहेरी आली ती हाताला कापड बांधून. ती 'पडले' म्हणाली. सरांनी विचारलं, "ऱ्हातीस का इथंच?" ती म्हणाली, "मंग वहिनीचं?"

साटंलोट्याचा हाच तर कायदा. तुमची आली की आमची द्या. मुक्ता कायमची परत आली असती तर किसनराव शोभाला न्यायला दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिले असते. ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच मुक्ता मार खाऊन गप्प राहत होती. आणि शोभाला हेही ठाऊक होतं. मी एकदा तिच्या घरी गेले तर दाराआड कापडी पिशवी भरून ठेवलेली. "कुठं गावाला निघालीस?" मी विचारलं.

"कुटं न्हाई, मॅडम. ती भरलेलीच असती. कवा न्यायला येतील काय सांगावं."

त्याच आठवड्यात सरांनी मला लॅबमध्ये बोलावलं. त्यांना जुन्या मशीनवरचं 'जुळवणारं' काढून नवं घालायचं होतं. त्यांनी काढायचा हुकूम दिला. मशीननं नकार दिला, शोधणाऱ्याला हे लागतं. शोधणारं काढायला गेले तर, जुळवणाऱ्याला ते लागतं.

"बघा," सर म्हणाले. "बसवताना एका ओळीत बसवलं. आता काढायचं म्हटलं तरी दोगं संगंच जातेत."

ते मशीनबद्दलच बोलत होते. पण मला ऐकू आलं ते लग्नाचं. ते तुसडं वाक्य माझं होतं. दोन्ही लग्नं एका मुहूर्तावर उरका म्हणणारी मी. मुक्ता माझ्या पाया पडली होती आणि मी नवऱ्याला कौतुकानं सांगितलं होतं. त्या दिवशी मला माझी इतकी लाज वाटली, की मी लवकर रजा टाकून घरी गेले.

त्या हिवाळ्यात सर वाळले. येरझार इतकी वाढली की पार्टिशन थरथरायचं. त्यांनी कुठून तरी त्या दोन पॅकेजांचा मूळ मजकूर, म्हणजे ज्यातून ती तयार होतात तो प्रोग्राम, मिळवला होता आणि ते उलगडत होते. मला राग यायचा. घरात बहिणीचं हे असं आणि हा माणूस पॅकेजं कसली उलगडतोय? एकदा तसं तोंडावर बोललेही. सर नुसते म्हणाले, "मॅडम, मला हातानं काही केल्याबिगर डोक्यात काही येत न्हाई."

डिसेंबरात एक दिवस ते माझ्या टेबलाशी आले. हातात माझंच कार्ड, मागे आकृती.

"मॅडम, ह्या दोगांना एकमेकाचं सगळंच लागत न्हाई बरं का. मी उघडून पाह्यलं. अक्षरांची एक लहानशी यादी, तेवढीच दोगांना लागती. ती ह्यानं त्याच्याकडं मागायची, त्यानं ह्याच्याकडं, म्हणून गाठ. मी ती यादी काढून तिसरं पॅकेज केलं. आता दोगं त्या तिसऱ्यावर उभे. एकाला काढा, दुसरं पडत न्हाई."

"छान," मी कोरडं म्हणाले.

"तुमच्या पुस्तकांची यादी अजून मशीनवर चढली न्हाई ना?"

"तुम्ही तीन वर्षं चढवताय."

"एका माणसाचं काम न्हाई ते. दोन माणसं लागतील. प्राचार्यांना तुमी सांगा. तुमचं ऐकतेत." सर पाय बदलत खाली बघत होते. "शोभाला टायपिंग येतं आता. मुक्ता बी शिकंल. दोघींना स्वतःचं काही असलं, तर मंग…"

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी प्राचार्यांकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी तरी भांडले. तुटपुंजा का होईना, मेहनताना मंजूर झाला. दोन माणसांचा.

जानेवारीत सर सकाळच्या जीपनं औंढ्याकडे गेले आणि दुपारपर्यंत मुक्ताला घेऊन आले. घरी नाही नेलं, सरळ लायब्ररीत आणलं. ती आठ दिवस दिवसभर माझ्या वाचनकक्षात बसून पुस्तकांचे नंबर वाचायची आणि शोभा मशीनवर घालायची. नवव्या दिवशी किसनराव आले. सोबत शोभाचा भाऊ आणि आणखी दोघं.

त्या दिवशी प्रॅक्टिकल परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक लॅबमध्ये बसलेले. सरांना तिथून पाय बाहेर काढता येत नव्हता. मी दारात उभी राहिले.

"आमची पोरगी द्या," किसनराव गरजले. "तुमची तुमाला पावली, आमची आमाला!"

"हळू," मी म्हणाले. वीस वर्षांची सवय कामी आली. "ही लायब्ररी आहे. पलीकडे परीक्षा चालू आहे. बोलायचं असेल तर बसून, हळू आवाजात."

माझ्या टेबलावर 'शांतता राखा'ची पाटी होती. तिच्याकडे बघत ती चार माणसं खरोखरच बसली. आणि मग जो तंटा झाला तो सगळा कुजबुजत झाला. कुजबुजत धमकी देणं फार अवघड असतं. शोभाचा भाऊ दोनदा उठला, मी दोनदा पाटीकडे बोट दाखवलं. मुक्ता कपाटाला पाठ लावून उभी होती. पलीकडे सरांच्या चपला वाजत होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांना वरच्या फटीतून शब्द न् शब्द ऐकू जात होता.

शोभा तेवढ्यात घरी जाऊन आली. हातात ती कापडी पिशवी. किसनरावांना सुटल्यासारखं झालं. मुक्तानं डोळे मिटून घेतले. चपलांचा आवाज अधिकच भरभर व्हायला लागला.

शोभानं पिशवी वाचनाच्या टेबलावर ठेवली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागली. दोन लुगडी. फणी. खोकल्याच्या औषधाची बाटली. आईचा फोटो. सगळं ओळीनं मांडलं. मग रिकामी पिशवी झटकली, घडी घातली आणि वडिलांपुढे ठेवली.

"बापू, पिशवी तुमच्या घरची व्हती. ही घेऊन जावा. मी येत न्हाई."

"अगं, तुझ्या भावाचं घर मोडलं."

"त्यानं हात उगारला म्हणून मोडलं. माझ्यावर इथं कुणी हात न्हाई उगारला. मंग मी काहून येऊ?" तीही कुजबुजतच बोलली.

किसनराव उठले. "मंग तुझं माहेर संपलं," ते म्हणाले. पिशवी काखेत मारली आणि गेले. बाकीचे तिघं मागोमाग.

पलीकडे चपलांचा आवाज थांबला होता. केव्हा थांबला ते मला सांगता येणार नाही. मी स्टुलावर चढून फटीतून पाहिलं. सर अकराव्या खुर्चीवर बसले होते. वायरींच्या भेंडोळ्यावरच, दोन्ही हात गुडघ्यांवर, समोर बघत. परीक्षक त्यांना विचारत होते, "मस्के, बरं वाटत नाही का?"

माझ्या पुस्तकांची यादी पुढच्या वर्षी पुरी झाली. मग त्या दोघींनी स्टँडजवळ एक गाळा घेऊन टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा वर्ग काढला. शोभाला मात्र माहेर तुटल्याचं फार लागलं. आई चोरून जीपवाल्याच्या हाती लोणचं पाठवायची, ते ती जेवताना समोर ठेवायची आणि कधी खायची, कधी नुसतं बघायची.

माझी बदली परभणीला झाली. ज्या दिवशी सेनगाव सोडलं, त्या दुपारी सर स्टँडवर दिसले. रसवंतीपासून हॉटेलापर्यंत आणि हॉटेलापासून रसवंतीपर्यंत फेऱ्या चालल्या होत्या.

"अडलं कुठं, मस्के सर?"

"शोभाची आई लई आजारी हाये. काल निरोप आला. सकाळी शोभा बघायला गेली." त्यांचे डोळे रस्त्यावर. "एकटी गेली असती तर ठेवून घेतलं असतं त्येंनी. म्हणून मुक्ता संगं गेली. मी नको म्हणत व्हतो. त्याच घरात, मॅडम! पण म्हणाली, वहिनी माझ्यासाठी राह्यली, आता मी तिला घेऊन येते. दोन वाजेस्तोवर येऊ म्हणल्या. साडेतीन झाले."

"येतील."

"व्हय. येतील." आणि ते पुन्हा रसवंतीकडे निघाले.

माझी हिंगोलीची जीप भरली. मी खिडकीतून हात केला, त्यांनी पाहिलं नाही. जीप वळणावर गेली तोवर ते तसेच दिसत होते, मान रस्त्याकडे, पाय चालते.

पुढे दोनेक मैलांवर समोरून एक जीप आली. रस्ता अरुंद, दोन्ही गाड्या कडेला घेऊन हळूहळू एकमेकींना घासून गेल्या. तिच्या मागच्या बाकावर मुक्ता आणि शोभा शेजारी शेजारी बसल्या होत्या. शोभाचे डोळे सुजलेले होते. मांडीवर ती जुनी कापडी पिशवी होती, कशानं तरी भरलेली, आणि तिचे दोन बंद दोघींनी एकेक धरले होते.

मी ओरडून आमच्या ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी वळवा, स्टँडवर एकाला सांगायचंय." तो म्हणाला, "ताई, ते आता पोचतीलच की." आणि त्यानं गाडी पुढे घेतली.